रक्ताचा कर्करोग, औषधचाचणी आणि मुंबईच्या फेऱ्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ल्युकेमियाचे निदान झालेले आणि मुंबईतील परळ किंवा नवी मुंबईतील खारघर येथील रुग्णालयात नव्या औषधाच्या चाचणीत सहभागी होणारे अनेक रुग्ण विदर्भ, मराठवाडा, खानदेश, कोकण आणि गोवा येथून ये-जा करतात. औषध रुग्णालयात मिळते, पण त्याचे परिणाम बहुतेक वेळा घरी किंवा प्रवासात जाणवतात. त्यामुळे पुढील उत्तरांत औषधाइतकाच विचार त्या अंतराचा केला आहे. आपल्या चाचणीचे नियम वेगळे असू शकतात, आणि तेथे चाचणीच्या डॉक्टरांचा शब्द अंतिम मानावा.

डॉक्टरांनी चाचणीविषयी विचारले, याचा अर्थ नेहमीचे उपचार संपले असा होतो का?

तसा अर्थ होत नाही. काही चाचण्या आजार उलटलेल्या रुग्णांसाठी असतात हे खरे. परंतु नुकतेच निदान झालेल्या रुग्णांसाठीही चाचण्या असतात, आणि त्यांत प्रचलित उपचाराला नव्या औषधाची जोड दिल्याने फायदा होतो का, हे तपासले जाते. आज क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या संथ वाढणाऱ्या प्रकाराचे असंख्य रुग्ण जी इमॅटिनिबची गोळी घेऊन नोकरी-शेती सांभाळत आहेत, तीही जून १९९८ मध्ये सुरू झालेल्या एका लहानशा चाचणीतून पुढे आली आणि मे २००१ मध्ये तिला अमेरिकेत परवानगी मिळाली. आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून विकसित झालेली नेक्सकार१९ ही कार-टी पेशी उपचारपद्धती (रुग्णाच्याच प्रतिकारपेशी काढून, कर्करोगाशी लढण्यासाठी बदलून परत देणे) बी-पेशी या पांढऱ्या पेशींच्या ल्युकेमिया आणि लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कर्करोग) यांच्या रुग्णांवर तपासली गेली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला भारतात मान्यता मिळाली. त्या चाचण्यांमध्ये एकूण ६४ रुग्ण होते, आणि ज्यांच्या प्रतिसादाचे मूल्यमापन करता आले त्यांपैकी सुमारे ७३ टक्के रुग्णांमध्ये आजार कमी झाला किंवा दिसेनासा झाला. याची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी, की उरलेल्यांना तो लाभ झाला नाही आणि काहींना गंभीर दुष्परिणाम सोसावे लागले.

आपली चाचणी कितव्या टप्प्यातील आहे, हे अवश्य विचारावे. पहिल्या टप्प्यात मुख्यतः सुरक्षित मात्रा शोधली जाते, दुसऱ्यात औषध आजारावर काम करते का ते पाहतात आणि तिसऱ्यात प्रचलित उपचाराशी तुलना होते. पहिल्या टप्प्यात जाणाऱ्या रुग्णाने आणि तिसऱ्या टप्प्यात जाणाऱ्या रुग्णाने सारखीच अपेक्षा ठेवणे योग्य नाही.

आमच्या रुग्णाला औषधाऐवजी साखरेची गोळी तर देणार नाहीत ना?

तीव्र, म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या, ल्युकेमियात रुग्णाला उपचाराविना ठेवून केवळ निष्क्रिय गोळी देणे नीतीला धरून नाही. निष्क्रिय गोळी असलीच, तर ती बहुधा प्रचलित उपचाराच्या जोडीला असते. म्हणजे एका गटाला केमोबरोबर नवे औषध मिळते आणि दुसऱ्या गटाला तीच केमो मिळते. कोणता गट मिळेल हे संगणक ठरवतो. तेथे ओळख किंवा वशिला चालत नाही, आणि चालू नये.

चाचणी अधिकृत आहे, हे कसे ओळखावे?

भारतात १५ जून २००९ पासून प्रत्येक औषधचाचणीची नोंद पहिला रुग्ण घेण्यापूर्वी भारतीय चाचणी नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, करणे बंधनकारक आहे. हा नोंदणी क्रमांक मागावा. त्या क्रमांकाने नोंदवहीच्या संकेतस्थळावर चाचणीचा हेतू, रुग्णनिवडीचे निकष आणि केंद्रांची नावे कोणालाही पाहता येतात. कधीकधी तीच चाचणी आपल्या घराच्या अधिक जवळच्या एखाद्या केंद्रातही चालू असल्याचे तेथे दिसते, आणि मग मुंबईच्या फेऱ्यांचा प्रश्नच मिटतो. याखेरीज प्रत्येक चाचणीवर एथिक्स कमिटीची, म्हणजे रुग्णांचे हित पाहणाऱ्या नीतिविषयक समितीची, देखरेख असते. २०१९ च्या नव्या औषध व क्लिनिकल चाचणी नियमांनुसार तिच्यात किमान सात सदस्य हवेत, निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे हवेत, आणि त्यांत कायद्याचा जाणकार, एक महिला आणि एक सामान्य नागरिक असणे आवश्यक आहे. माहितीपत्रकावर या कमिटीचा दूरध्वनी क्रमांक असतो. डॉक्टरांकडे मन मोकळे करता येत नसेल, तर तेथे फोन करण्यात काहीही गैर नाही.

संमतीपत्र जाडजूड आहे. सही करण्यापूर्वी नेमके काय पाहावे?

प्रथम ते मराठीत मागावे. समजणाऱ्या भाषेत माहिती मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्या रुग्णाला ते निःपक्ष साक्षीदारासमोर वाचून दाखवावे लागते, आणि काही चाचण्यांत या संपूर्ण संभाषणाचे चित्रीकरणही होते. त्याने घाबरून जाऊ नये, ते रुग्णाच्या संरक्षणासाठीच असते. फॉर्ममध्ये व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि वारसदाराचे नाव विचारलेले पाहून अनेक कुटुंबे अस्वस्थ होतात. हा तपशील नियमानेच विचारला जातो. रुग्ण लहान असेल तर संमती आई-वडिलांची असते, मात्र सात वर्षांवरील मुलाला त्याच्या वयाला समजेल असे सांगून त्याचाही होकार घेतला जातो.

लांबून येणाऱ्यांनी काही प्रश्न स्वतःहून विचारावेत, कारण ते छापील पानांत क्वचितच नीट मांडलेले असतात. पहिल्या दोन महिन्यांत किती वेळा यावे लागेल आणि त्यांतल्या कोणत्या भेटीची तारीख पुढे-मागे करता येईल? साधी रक्ततपासणी गावाजवळच्या प्रयोगशाळेत केलेली चालेल का? भेटीच्या दिवशी सगळे एका दिवसात उरकते, की बोन मॅरोच्या (अस्थिमज्जेच्या) तपासणीसाठी मुक्काम करावा लागतो? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, रात्री दोन वाजता रुग्णाला थंडी वाजून आली तर कोणाला फोन करायचा आणि कोणत्या रुग्णालयात न्यायचे? या शेवटच्या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर मिळेपर्यंत सही करण्याची घाई करू नये, असे माझे ठाम मत आहे. कागद घरी नेऊन, गावच्या डॉक्टरांना दाखवून, दोन दिवसांनी सही केली तरी चालते. सही झाल्यावर माहितीपत्रक आणि संमतीपत्राची प्रत मागून घ्यावी व ती फाइलमध्ये ठेवावी.

खर्च कोण करते? प्रवासभाडे मिळते का?

चाचणीचे औषध आणि केवळ चाचणीसाठी केलेल्या तपासण्या यांचे पैसे सहसा रुग्णाकडून घेतले जात नाहीत. नेहमीच्या उपचाराचा भाग असलेल्या गोष्टी, म्हणजे प्रचलित केमो, रक्त, प्रतिजैविके किंवा खोलीचे भाडे, कोणाच्या माथी आहेत हे मात्र प्रत्येक चाचणीत वेगळे असते. ते लेखी विचारून घ्यावे. या उरलेल्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू होते का, हे रुग्णालयाच्या वैद्यकीय समाजसेवकांकडे पहिल्याच फेरीत विचारावे. अनेक चाचण्यांत भाड्याची भरपाई मिळते. त्यासाठी तिकिटे आणि पावत्या जपून ठेवाव्यात आणि सोबत येणाऱ्या माणसाचे भाडे धरले आहे की नाही, तेही स्पष्ट करून घ्यावे. ल्युकेमियाच्या रुग्णाने एकट्याने फेऱ्या करणे धोक्याचे असल्यामुळे ही मागणी अवास्तव नाही.

रेल्वेने यावे की एसटीने? कोठे उतरावे?

शक्य तेथे रेल्वेच बरी, कारण तिच्यात आडवे होता येते आणि स्वच्छतागृह जवळ असते. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला शयनयान आणि तृतीय श्रेणी वातानुकूलित डब्यात भाड्यात पूर्ण सवलत आहे व सोबतच्या एका व्यक्तीला त्याच डब्यांत ७५ टक्के सवलत मिळते. द्वितीय आणि प्रथम श्रेणी वातानुकूलित डब्यांत ती ५० टक्के आहे. त्यासाठी रुग्णालयाने ठरावीक नमुन्यात दिलेले प्रमाणपत्र लागते. ते पहिल्याच भेटीत मागून घ्यावे. एसटीतही कर्करुग्णांना सवलत आहे.

परळला जायचे असेल तर विदर्भ, देवगिरी, महालक्ष्मी यांसारख्या गाड्यांतून दादरला उतरणे सोयीचे असते. खारघरच्या केंद्रात जाणाऱ्या कोकण-गोव्याच्या रुग्णांनी मुंबईपर्यंत जाऊ नये. पनवेलला उतरले की खारघर तेथून लोकलने तिसरे स्थानक आहे. सकाळी आठ ते अकरा या वेळेत लोकलमध्ये रुग्णाला चढवू नये. प्लेटलेट, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी, कमी असलेल्या माणसाला तेथला एक धक्काही महागात पडू शकतो. भेट सकाळी लवकर असेल तर आदल्या दिवशी पोहोचावे. पावसाळ्यात तर एक दिवस हाताशी ठेवावाच. हिंदमाता आणि परळच्या सखल भागांत पाणी साचते, आणि त्या पाण्यातून चालत गेल्यास लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो, जो प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णाला अजिबात परवडणारा नाही. गणेशोत्सवात लालबाग-परळच्या रस्त्यांवर गर्दीचा महापूर असतो. त्या दहा दिवसांतील भेटीची तारीख बदलून मिळते का, हे चाचणीच्या भेटी ठरवणाऱ्या समन्वयकाला आधीच विचारावे.

प्रवासात किंवा घरी ताप आला तर काय करावे?

या पानावरील बाकी सारे विसरले तरी एवढे लक्षात ठेवावे. तापमापीवर १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक दिसले, तर ती तातडीची अवस्था समजावी. दिवस असो वा रात्र, त्याच क्षणी चाचणीच्या क्रमांकावर फोन करावा आणि रुग्णाला जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्यावे.

याचे कारण समजून घेतले तर घरातील वडीलधाऱ्यांनाही घाई का करायची ते पटते. आजारामुळे किंवा औषधामुळे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी खूप कमी होतात. त्या प्रति मायक्रोलिटर ५०० च्या खाली गेल्या की शरीरात शिरलेल्या जंतूंना अडवणारे जवळजवळ कोणीच उरत नाही. निरोगी माणसात संसर्ग झाला की पू होतो, सूज येते, खोकल्यातून कफ पडतो. येथे या पेशीच नसल्यामुळे यांपैकी काहीही दिसत नाही, आणि ताप हीच एकमेव खूण राहते. सकाळी किंचित कणकण असलेला रुग्ण संध्याकाळपर्यंत रक्तदाब कोसळून अत्यवस्थ होऊ शकतो. म्हणूनच अशा रुग्णाला रुग्णालयात पोहोचल्यापासून एका तासाच्या आत शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हावे, असा वैद्यकातील दंडक आहे.

फोन करण्यापूर्वी पॅरासिटामॉल देऊ नये. ताप उतरतो, संसर्ग तसाच राहतो आणि मौल्यवान वेळ निघून जातो. आयबुप्रोफेन आणि अॅस्पिरिन तर देऊच नयेत, कारण त्यांनी रक्तस्राव वाढतो. स्टेरॉइड चालू असलेल्या रुग्णाला संसर्ग असूनही ताप न येण्याची शक्यता असते. त्यामुळे हुडहुडी, गुंगी, लघवी कमी होणे किंवा धाप लागणे हेही तापाइतकेच गंभीर मानावे. गाडीत असताना असे झाले तर मुंबई गाठण्याचा हट्ट धरू नये. रेल्वेच्या १३९ क्रमांकावर मदत मागावी, टीसींना सांगावे आणि जिथे मोठे रुग्णालय आहे अशा पुढच्या स्थानकावर उतरावे. चाचणीची भेट चुकली तर ती नंतर जुळवता येते.

गावचे डॉक्टर म्हणतात, “हे औषध आम्हाला माहीत नाही.” मग?

त्यांचे म्हणणे खरे आहे, आणि नवे औषध त्यांना माहीत असण्याची अपेक्षाही नाही. म्हणून चाचणीच्या डॉक्टरांकडून एका पानाचे पत्र आणावे. त्यात निदान, औषधाचे नाव व मात्रा, अपेक्षित दुष्परिणाम, काय देऊ नये आणि चोवीस तास चालणारा फोन क्रमांक असावा. त्याची एक प्रत रुग्णाच्या पाकिटात, एक सोबत्याच्या मोबाइलमध्ये आणि एक गावाजवळच्या रुग्णालयात आधीच देऊन ठेवावी. जिल्ह्याच्या ठिकाणी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय असेल, तर बरे असतानाच एकदा तेथील फिजिशियनना भेटून यावे.

या पत्राची गरज नेहमीच्या औषधांच्या बाबतीतही पडते. ल्युकेमियाची काही नवी औषधे हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर परिणाम करतात, आणि अॅझिथ्रोमायसिन किंवा उलटीवरचे ऑन्डान्सेट्रॉन यांच्या जोडीने तो परिणाम वाढू शकतो. बुरशीच्या संसर्गावर दिले जाणारे व्होरिकोनॅझोल हे व्हेनेटोक्लॅक्स या ल्युकेमियावरील औषधाचे रक्तातील प्रमाण कितीतरी वाढवते. काही औषधांमुळे अपरिपक्व पेशी झपाट्याने पक्व होऊ लागतात, आणि तेव्हा धाप, अंगावर सूज, एकाएकी वाढलेले वजन व ताप असे चित्र दिसते. ते न्यूमोनियासारखे भासते, पण त्यावर स्टेरॉइड लगेच सुरू करावे लागते. आपले औषध या प्रकारचे आहे का, एवढे तरी विचारून ठेवावे.

चाचणीची गोळी प्रवासात कशी सांभाळावी?

मूळ डबीतच ठेवावी आणि सामानात न टाकता अंगावरच्या पिशवीत बाळगावी. उन्हाळ्यात बंद मोटारीत किंवा एसटीच्या खिडकीशी ठेवू नये. थंड ठेवायचे औषध असेल तर बर्फाला थेट टेकवू नये, कारण गोठलेले औषध निकामी होऊ शकते. रिकाम्या पट्ट्या आणि उरलेल्या गोळ्या पुढच्या भेटीत परत न्याव्या लागतात, कारण त्या मोजल्या जातात. एखादी मात्रा राहून गेली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत, आणि गोळी घेतल्यावर उलटी झाली तर विचारल्याशिवाय पुन्हा घेऊ नये. डायरीत जसे घडले तसेच लिहावे. डॉक्टरांना बरे वाटावे म्हणून भरलेली डायरी पुढच्या रुग्णांचे नुकसान करते.

गोळी जेवणाआधी की नंतर, हे औषधागणिक बदलते. इमॅटिनिब जेवणासोबत भरपूर पाण्याने घेतात, तर निलोटिनिबच्या कॅप्सूल रिकाम्या पोटी घ्याव्या लागतात आणि त्यानंतर तासभर काही खाता येत नाही. गाडीत खाण्याच्या वेळा विस्कटतात, त्यामुळे मोबाइलवर गजर लावावा.

खाण्यापिण्याचे काय? काढे चालतील का?

ताजे शिजवलेले, गरम आणि घरचे अन्न उत्तम. भाकरी, पिठले, मऊ भात, उकडलेले अंडे चालते. स्टँडवरची उघडी चटणी, कापून ठेवलेली फळे, उसाचा रस, बर्फ घातलेली पेये आणि कच्ची कोशिंबीर टाळावी. केळे किंवा संत्रे स्वच्छ धुऊन स्वतः सोलून खाल्लेले चालते. पपनस मात्र अनेक चाचण्यांत वर्ज्य असते, कारण त्याने औषधाचे रक्तातील प्रमाण वाढू शकते.

काढ्यांविषयी आप्तेष्टांचा आग्रह प्रेमापोटीच असतो, तरीही चाचणी चालू असताना तो नम्रपणे नाकारावा. कोविडच्या काळात गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी केली आहे. यकृताच्या तपासणीत बिघाड दिसला तर दोष नव्या औषधाचा की काढ्याचा, हे कोणालाच सांगता येत नाही, आणि कदाचित उपयोगी पडत असलेले औषध थांबवावे लागते. काही आधीच घेतले असेल तर न लपवता सांगावे.

मुंबईत राहायचे कोठे?

दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन ही रुग्ण व नातेवाइकांच्या ओळखीची ठिकाणे आहेत. लहान मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड संस्थेची केंद्रे आहेत. जागा मर्यादित असतात, त्यामुळे वैद्यकीय समाजसेवकांचे पत्र आधी घ्यावे. मच्छरदाणी सोबत असू द्यावी, कारण डेंग्यूने आधीच कमी असलेले प्लेटलेट आणखी कमी होतात. कार-टीसारख्या उपचारात पेशी दिल्यानंतर काही आठवडे रुग्णालयाच्या जवळच, जाणत्या सोबत्यासह राहणे बंधनकारक असते. त्या काळात बोलण्यात अडखळणे, अक्षर बिघडणे किंवा गोंधळल्यासारखे वागणे ही मेंदूवरील परिणामाची पहिली चिन्हे असू शकतात, आणि ती सोबत्यालाच आधी दिसतात.

रक्त लागले तर गावाहून भावंडांना बोलवावे का?

पुढे बोन मॅरो प्रत्यारोपणाचा विचार होण्याची शक्यता असेल, तर सख्ख्या नातेवाइकांचे रक्त रुग्णाला देणे सामान्यतः टाळतात. ते इतरांसाठी रक्तदान करू शकतात. काही औषधांनंतर केवळ किरणोत्सर्ग दिलेले रक्तघटकच चालतात. तसे असेल तर ते वर सांगितलेल्या पत्रात ठळक अक्षरांत लिहून घ्यावे.

चाचणीच्या काळात गावाकडे दाखल व्हावे लागले, तर बिल कोण भरणार?

चाचणीत असताना रुग्णाला इजा झाली, तर ती चाचणीमुळे झालेली नाही हे सिद्ध होईपर्यंत किंवा गरज असेपर्यंत मोफत उपचार देण्याची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे, आणि चाचणीमुळे झालेल्या इजेसाठी किंवा मृत्यूसाठी नुकसानभरपाईही आहे. मात्र हे हक्क मिळण्यासाठी कळवणे आवश्यक आहे. रुग्णालयात दाखल होणे ही नियमांच्या भाषेत गंभीर घटना ठरते आणि डॉक्टरांना ती चोवीस तासांत वर कळवावी लागते. म्हणून दाखल होताच फोन करावा, आणि घरी सोडताना डिस्चार्ज कार्ड, सर्व तपासण्या व मूळ बिले घ्यावीत.

मध्येच चाचणी सोडता येते का? आणि चाचणी संपल्यावर औषध मिळत राहते का?

कारण न देताही सोडता येते, आणि त्यामुळे त्या रुग्णालयातील पुढील उपचार नाकारले जाऊ शकत नाहीत. फक्त गोळी एकाएकी बंद करून फोन उचलणे थांबवू नये. औषध सुरक्षितपणे कसे थांबवायचे आणि त्याजागी काय सुरू करायचे, हे ठरवण्यासाठी एक शेवटची भेट घ्यावी. फेऱ्यांचा भार हे सोडण्याचे कारण असेल, तर तसे मोकळेपणाने सांगावे. मधल्या काही भेटी फोनवर किंवा स्थानिक प्रयोगशाळेत करता येतात का, हे पाहण्यास समन्वयक पुष्कळदा तयार असतात.

चाचणीनंतर तेच औषध मोफत मिळण्याची तरतूद आहे, पण ती आपोआप लागू होत नाही. औषधाचा रुग्णाला उपयोग होत असून दुसरा पर्याय नाही, असे चाचणीच्या डॉक्टरांनी लिहून द्यावे लागते आणि एथिक्स कमिटीची मान्यता लागते. हा अर्ज शेवटच्या भेटीच्या दिवशी करून उपयोग नाही, कारण मंजुरी येईपर्यंत गोळ्या संपतात. चाचणीची अखेर दोन-तीन महिन्यांवर आली की त्याच वेळी विचारणा करावी.